वायफाय रुसलं होतं फक्त माझ्यावर

5 एप्रिल 2025, शनिवार, संध्याकाळचे 7:52. न्यू जर्सीतली चार मुलं माझ्या फोनवर मराठी शिकायला बसली होती. तिकडे सकाळचे 10:22, एकाच्या हातात अजून दुधाचा पेला. मी पाटीवर 'क्ष' लिहायला घेतला आणि चौघांचे चेहरे जिथल्या तिथे थिजले. पेला ओठांपाशीच राहिला. फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायचा पंखा पूर्ण भरलेला, त्याला चिकटून एक बारीकसं उद्गारचिन्ह, आणि खाली ओळ: 'कनेक्टेड, इंटरनेट नाही'.

ते उद्गारचिन्ह घरातून कायमचं जायला 1 जून उजाडला. दोन महिन्यांना चार दिवस कमी. मधल्या काळात मी तीन तक्रारी, दोन तंत्रज्ञ, एक सर्व्हिस सेंटर आणि एक न लागणारं यंत्र एवढं पार पाडलं. ज्यांच्या फोनला असंच काही झालंय आणि घरातले सगळे 'आमचं तर चालतंय' म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी घराची मांडणी. पुण्यात धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर, जुन्या विटांच्या जाड भिंती. फायबरचं कनेक्शन 2021 पासून, महिना 499 अधिक जीएसटी, म्हणजे 589 रुपये. राउटर हॉलमधल्या शोकेसवर, त्याला छोटा यूपीएस लावलेला, कारण आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाते. नेटवर जगणारी माणसं तीन: नवऱ्याचा लॅपटॉप वायरनं जोडलेला आणि त्याचा फोन, सासूबाईंचा फोन, माझा फोन. पाडव्याला, 30 मार्चला, नवीन टीव्ही घेतला. तो भिंतीवर बसवून नेटला जोडायला मंगळवारी एक मुलगा आला होता. मी तेव्हा सासवडला आईकडे होते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. मला मात्र ते लागायला आठ आठवडे लागले.

तर त्या शनिवारी मी सगळे करतात तेच केलं. राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला. वीस मिनिटं बरी गेली, मग पुन्हा तेच. उरलेला तास मोबाइल डेटावर काढला. रविवारीही तसंच. नवऱ्याचा फोन माझ्या शेजारी ठेवला तर त्याच्यावर क्रिकेट सुरळीत चाललेलं. म्हणजे बिघाड माझ्या फोनात, असा निकाल त्यानं तिथल्या तिथे दिला.

सोमवारी मी नेटवर्क 'फरगेट' केलं आणि नव्यानं जोडलं. आमच्या घरी हे काम कसं करायचं ते एका जुन्या डायरीत लिहिलेलं आहे. 2021 मध्ये कनेक्शन घेतलं तेव्हा माझा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' या ओळीवरच अडकायचा. तेव्हा बहिणीच्या मुलानं काहीतरी आकडे भरून तो चालू करून दिला होता आणि ते आकडे लिहूनही ठेवले होते. फोन बदलला, पण डायरी तीच. मी चष्मा लावून एकेक आकडा तपासून भरला. जोडलं. चाललं. संध्याकाळी गेलं.

12 एप्रिलला वर्ग पुन्हा मोडला तेव्हा कंपनीला फोन लावला. एक, मग तीन, मग शून्य दाबून सतरा मिनिटांनी माणूस मिळाला. तो म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी लोड असतो, सगळीकडे स्लो असतं." मी म्हटलं, स्लो नाही हो, बंद होतं, आणि फक्त एका फोनवर. त्यानं तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक दिला. हा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, पुढचं प्रत्येक संभाषण 'डॉकेट नंबर सांगा' इथूनच सुरू होतं. 14 तारखेला मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. कोणी आलं नव्हतं, कोणी फोनही केला नव्हता. पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा सतरा मिनिटं.

17 एप्रिलला, गुरुवारी, लाइट नसताना पहिला तंत्रज्ञ आला. भला मुलगा होता. खिशातून मीटर काढला, भिंतीतून येणाऱ्या फायबरचं हिरवं टोक त्यात खुपसलं आणि फायबरमधल्या सिग्नलचा आकडा मला दाखवला: उणे 19. "काकू, हा आकडा उणे 27 च्या खाली गेला तर प्रॉब्लेम. तुमचा एक नंबर आहे." शोकेसच्या मागे फायबरला बसलेला करकचून पीळ त्यानं सोडवला, वायर नवी लावली आणि माझ्या फोनवर वेगमापन केलं. लाइट नव्हती, यूपीएसवर राउटर चालू होता, वेग अगदी हवा तेवढा. "बघा, ओके." त्यानं ओटीपी मागितला, मी दिला, तक्रार बंद झाली. इथे माझी चूक अशी की ओटीपी म्हणजे 'माझं काम झालं' अशी सही असते, हे मला माहीत नव्हतं. ज्या वेळी बिघाड होतो ती वेळ उलटून जाईपर्यंत तो देऊ नका. मुलगा थांबायला तयार नसेल तर 'संध्याकाळी सांगते' म्हणा, फार तर तोंड वाकडं करेल.

त्याच संध्याकाळी लाइट आल्यावर साडेसातला उद्गारचिन्ह हजर.

मग नवऱ्याच्या डोक्यात मायक्रोवेव्ह शिरला. कुठेतरी वाचलं की मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि वायफायचा एक पट्टा 2.4 गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. आणि बिघाड संध्याकाळीच होतो ना, जेव्हा आपण जेवण गरम करतो! हे खोटं नाही, जवळ ठेवलेल्या मायक्रोवेव्हनं वायफायला खरंच त्रास होतो. आठवडाभर घरात सगळं गॅसवर गरम झालं आणि पॉपकॉर्नवर बंदी आली. उपयोग शून्य. शेवटी मी एका भांड्यात पाणी ठेवून पाच मिनिटं मायक्रोवेव्ह चालवला आणि फोन त्याच्यासमोर धरून उभी राहिले. व्हिडिओ जरा अडखळला, पण थांबला नाही. सासूबाई दारातून बघत होत्या. "पाणी उकळायला एवढी पूजा कशाला घातलीस?"

26 एप्रिलला फोन सर्व्हिस सेंटरला नेला. वॉरंटी संपलेली, म्हणून तपासणीचे 200 अधिक जीएसटी, म्हणजे 236 रुपये, आधी भरायचे. जाण्यापूर्वी फोटोंचा बॅकअप घेतला, व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा घ्यावा लागतो तोही घेतला. ते फोन पूर्ण पुसणार असा फॉर्मच आपल्याकडून भरून घेतात, तेव्हा बँकेच्या अ‍ॅपची उठाठेव नंतर करावी लागते हे धरून चाला. तीन तास बाकावर बसले. काउंटरवरच्या मुलीनं फोन त्यांच्या वायफायवर दीड तास चालवून दाखवला. एकदाही गेलं नाही. "फोनमध्ये काहीच नाही मॅम. घरच्या नेटवर्कला प्रॉब्लेम आहे."

इथे खरी कोंडी झाली. फोनवाले म्हणतात नेट, नेटवाले म्हणतात फोन, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनीही डोळ्यांसमोर दाखवलंय. रिक्षात बसल्यावर मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. चार मुलांच्या आयांनी एवढ्या लांबून विश्वास टाकलाय आणि दर शनिवारी माझा चेहरा त्यांच्याकडे तोंड उघडं ठेवून थिजतो. एका आईनं अतिशय सौम्यपणे विचारलं होतं की महिनाभर सुट्टी घेऊया का.

घरी आल्यावर कोऱ्या फोनवर वायफाय जोडलं. डायरी काढली, आकडे भरले. आता हसू येतं, तेव्हा मी फार काटेकोर होते.

30 एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, सोनं न घेता 1,499 रुपयांचा एक्स्टेंडर घेतला. सिग्नल वाढवणारी डबी. ती आतल्या खोलीत लावल्यावर पंखा काठोकाठ भरला, आणि भरल्या पंख्यावर उद्गारचिन्ह तसंच. त्या दिवशी एक गोष्ट मात्र पक्की कळली: पंख्याच्या पट्ट्या फोनला राउटरचा सिग्नल किती जोरात मिळतोय ते सांगतात, पलीकडे इंटरनेट आहे की नाही ते सांगत नाहीत. पट्ट्या भरलेल्या असून नेट नसेल तर एक्स्टेंडर विकत घेऊ नका. माझा दहा दिवसांत परत करायचा राहून गेला.

दुसरा तंत्रज्ञ 10 मे रोजी आला आणि तो जाणकार होता. त्यानं फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून आजूबाजूची वायफाय दाखवली. इमारतीतली एकोणीस नावं, निम्मी एकाच चॅनेलवर एकमेकांच्या मांडीवर बसलेली. 2.4 च्या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांना न अडखळता चालतात, म्हणून त्यानं आमचं 6 वरून 11 वर नेलं. 5 गिगाहर्ट्‌झला वेगळं नाव दिलं. तो पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो, त्यामुळे हॉलमध्ये तो वापरा आणि आतल्या खोलीत जुनाच, असं समजावलं. राउटर शोकेसमधल्या स्टीलच्या पेल्यांच्या मागून पुढे ओढला. आतल्या खोलीतला वायफाय सिग्नलचा आकडा उणे 78 होता तो उणे 66 वर आला. (शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे 70 च्या पलीकडे कुरकुर सुरू होते.) सासूबाईंचा फोन तेव्हापासून झोपायच्या खोलीतही चालतो, हे त्याचं श्रेय.

आणि त्यानं मला एक चाचणी शिकवली. पिंग मोजणारं कुठलंही अ‍ॅप घ्यायचं आणि बिघाड होईल त्या क्षणी आधी 192.168.1.1 ला हाक मारायची. हा बऱ्याच घरांत राउटरचा स्वतःचा पत्ता असतो, राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला मिळतो. मग 8.8.8.8 ला, हा बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. राउटर 'ओ' देतो आणि बाहेरचा देत नाही, तर दोष कंपनीच्या बाजूला. राउटरच 'ओ' देत नसेल तर दोष घरात, फायबरला शिव्या देऊन फायदा नाही. त्या संध्याकाळी मी चाचणी केली. राउटर कधी 'ओ' द्यायचा, कधी सलग वीस हाकांना गप्प. तंत्रज्ञानं तक्रारीवर 'हँडसेट प्रॉब्लेम' लिहून ती बंद केली. ओटीपी या वेळी मी दिला नव्हता, तरी बंद झाली.

मी संतापले. तक्रार न सोडवता बंद केली तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, एवढी माहिती काढली. डॉकेट क्रमांक, तारखा, स्क्रीनशॉट असं सगळं लावून अडीच पानांचा मेल लिहिला. प्रूफरीडिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यानं मेल निर्दोष होता. पाठवण्याआधी पुराव्यासाठी बिघाडाच्या वेळांची आठवडाभराची नोंद जोडावी, म्हणून एक वही केली. त्या वहीनंच मला वाचवलं, कारण मेल गेला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

वहीत असं दिसायला लागलं. रोज 7 ते 10. दुपारी 1 ते 2. रविवारी सकाळी 8 च्या सुमारास. पहाटे कधीच नाही. मी बाहेर असले तर अर्थातच नाही. लोड म्हणावा तर दुपारी एकला कसला लोड? एका दुपारी वही भरताना सासूबाई म्हणाल्या, "तू भाजीला गेलीस की टीव्ही छान चालतो. आलीस की कीर्तनात ते गोल गोल फिरायला लागतं." नवरा हसला, मीही हसले. 'आई, माझ्या पायगुणानं?' असं काहीतरी बोलले. वहीत ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मग मेच्या शेवटी पाऊस आला. 26 मे रोजी मान्सून पुण्यात पोचला, एवढ्या लवकर कधी बघितला नव्हता. त्या आठवड्यात दोन संध्याकाळी लाइट गेली. अंधारात मेणबत्ती लावून बसलो, राउटर यूपीएसवर, आणि माझा फोन? मख्खन. साडेसात, आठ, नऊ, उद्गारचिन्ह नाही. लाइट आली, नऊ-चाळीसला हजर. वहीत ते लिहिताना हात थांबला. 17 एप्रिलला तंत्रज्ञानं 'बघा, ओके' म्हटलं होतं तेव्हाही लाइट नव्हती.

1 जूनच्या रविवारी सकाळी आम्ही भूत शोधायला बसलो. माझा फोन ओट्यावर, पिंग चालू, आणि नवरा एकेक प्लग काढत घरभर फिरतोय. फ्रिज: फरक नाही. पाण्याचा फिल्टर: नाही. मिक्सर बंदच होता, तरी त्याचाही काढला. टीव्हीवर सासूबाईंचा हरिपाठ चालू होता, त्यांची परवानगी मागून तो बंद केला. आणि ओट्यावरच्या फोनवर उत्तरं सुरू झाली, एकामागून एक, रांगेत. टीव्ही लावला, चार मिनिटांत थांबली. बंद केला, सुरू. तीनदा केलं. सासूबाई म्हणाल्या, "ठरवा एकदाचं, अभंग अर्धा राहिलाय."

आमचा समज झाला की टीव्हीच्या लहरी राउटरला त्रास देतात. म्हणून टीव्हीचं वायफाय बंद करून बघावं म्हणून मी रिमोटनं सेटिंगमध्ये शिरले. नेटवर्क, मग स्थिती. बेचाळीस इंची पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं:

आयपी पत्ता 192.168.1.5

मी तो आकडा पाठ म्हणू शकले असते. दोन महिन्यांत चष्मा लावून किमान सहा वेळा मी तो माझ्या हातानं फोनमध्ये भरला होता. डायरी आणली. भाच्याच्या अक्षरात: 'आयपी सेटिंग: स्टॅटिक. 192.168.1.5. गेटवे 192.168.1.1.'

झालं होतं ते असं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक क्रमांक देतो. आमचा राउटर 2 पासून वाटप करतो: लॅपटॉप 2, नवऱ्याचा फोन 3, सासूबाईंचा 4. भाच्यानं माझ्या फोनला वाटपात न जाता परस्पर 5 ची पाटी ठोकून दिली होती. चार वर्षं तो क्रमांक कुणाच्या वाट्याला गेलाच नाही. (दिवाळीत पाहुणे आले की माझं नेट बिघडायचं. मला वाटायचं माणसं जास्त झाली.) 1 एप्रिलला टीव्ही आला, मी आणि माझा फोन सासवडला, राउटरला वाटलं 5 मोकळा आहे, त्यानं तो टीव्हीला दिला. एका वाड्यात दोन बिऱ्हाडांवर एकच नंबर, आणि पोस्टमन शेवटी ज्यानं हाक मारली त्याच्या दारात टपाल टाकणार. टीव्ही बोलला की माझं टपाल तिकडे, मी बोलले की कीर्तन गोल गोल.

सर्व्हिस सेंटरनं फोन पुसला तेव्हा तो बरा झालाच होता. घरी येऊन मी त्याला पुन्हा आजारी पाडला.

दुरुस्तीला लागले चाळीस सेकंद. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय, आपल्या नेटवर्कपुढचं चाक, आयपी सेटिंग, तिथे 'स्टॅटिक' (क्रमांक आपण हातानं भरायचा) होतं ते 'डीएचसीपी' (क्रमांक राउटरनं द्यायचा) केलं. आयफोनमध्ये हेच 'मॅन्युअल' आणि 'ऑटोमॅटिक' या नावांनी असतं. फोनला 6 मिळाला. एखाद्या यंत्राला कायमचा क्रमांक हवाच असेल, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला लागतो, तर तो यंत्रात न भरता राउटरमध्ये राखून ठेवायचा, म्हणजे राउटर तो दुसऱ्याला देत नाही. फोनसाठी तसं करणार असाल तर अँड्रॉइड 10 पासून फोन राउटरला स्वतःची खरी ओळख न देता बनावट मॅक पत्ता देतात, तेवढं त्या नेटवर्कपुरतं बंद केलेलं बरं. मी त्या भानगडीत पडले नाही.

खर्चाचा हिशेब: सर्व्हिस सेंटर 236, जाण्यायेण्याची रिक्षा 310, एक्स्टेंडर 1,499, वर्गांसाठी जादा डेटा सुमारे 400. एकूण 2,445 रुपये. अपिलाचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. कंपनीवर माझा राग अजून आहे, न येता तक्रार बंद करणं हे वाईटच, पण बिघाड त्यांचा नव्हता हे मी त्यांना फोन करून सांगितलं. पलीकडच्या मुलीला काय बोलावं कळेना. "मग मॅम, ही नवीन तक्रार म्हणून घेऊ का?"

7 जूनच्या शनिवारी वर्ग पूर्ण दीड तास चालला. शेजारी टीव्ही, टीव्हीवर कीर्तन, दोन्ही सुरळीत. 'क्ष' एकदाचा लिहून झाला.

रात्री भाच्याला फोन केला. तो आता नाशिकला नोकरी करतो, नेटवर्किंगचीच. सगळी हकिकत ऐकून तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "मावशी, पण असं स्टॅटिक टाकून कोण देतं? कुणी दिलं होतं तुला?"